डोळे उघडे ठेवून व्हिडिओ पाहूया

(मंडळाच्या नेत्रचिकित्सा निधीसाठी झालेल्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



सर्वप्रथम कार्यकारिणीचे मनापासून आभार. एक तर आम्हाला बोलायची संधी दिली, आणि दुसरं म्हणजे ती जेवणाच्या आधी दिली. पुरणपोळीनंतर आम्ही डोळ्यांवर बोलायला उभे राहिलो असतो, तर समोर सगळे डोळे मिटलेलेच दिसले असते!

आम्ही म्हणजे मंडळातली पाच-सहा आयटीवाली मंडळी. सोमवार ते शुक्रवार कोडिंग, शनिवार-रविवार मुलांचे क्लास आणि मंडळाची कामं. आमच्यात डॉक्टर कोणीही नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यामुळे कोणी कुठलं औषध घ्यावं हे आम्ही सांगणार नाही. पण यूट्यूब आणि व्हॉट्सॲपवर जे आरोग्याचे व्हिडिओ येऊन आदळतात, ते आपल्याकडेच का येतात आणि त्यांच्यावर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न थोडाफार आमच्या धंद्यातला आहे. म्हणून हे धाडस.

विषय सुचला तो आपल्या मंडळाच्या ग्रुपवरूनच. आजचा निधी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी आहे. भारतात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असं दिसलं, की पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे आहे. म्हणजे तीनातली दोन माणसं अशा आजाराने आंधळी आहेत, ज्यावर खात्रीचा इलाज आहे. या कार्यक्रमाचं पत्रक ग्रुपवर टाकलं, आणि त्याच आठवड्यात त्याच ग्रुपवर एक व्हिडिओ आला : 'मोतीबिंदू विना ऑपरेशन, घरच्या घरी विरघळवा'. पाठवणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण गंमत बघा, एका हाताने आपण ऑपरेशनसाठी पैसे गोळा करतोय आणि दुसऱ्या हाताने ऑपरेशन करू नका असं सांगणारा व्हिडिओ पुढे ढकलतोय.

आता जरा एक प्रयोग करू. हातातला चहा खाली ठेवा. दोन्ही हात समोर सरळ धरा, अंगठे वर, अगदी शेजारी शेजारी. डावा डोळा बंद करा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याकडेच टक लावून पाहा. नजर हलवायची नाही. आता उजवा हात हळूहळू उजवीकडे न्या. साधारण वीतभर अंतर झालं, की… गेला? अंगठ्याचं टोक गायब झालं? (पुस्तिकेत वाचणाऱ्यांनीही घरी करून पाहावं, फुकट आहे.)

घाबरू नका, हे प्रत्येक निरोगी डोळ्यात असतं. डोळ्याची नस जिथून मेंदूकडे निघते, तेवढ्या जागेत पडद्याला दिसतच नाही. पण लक्षात आलं का, अंगठा गेला तेव्हा तिथे काळा ठिपका दिसला नाही. मागची भिंतच दिसली. मेंदू आजूबाजूचा रंग घेऊन ती जागा गुपचूप भरून काढतो. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा नाही, आणि स्क्रीनवर एरर मेसेजही नाही.

काचबिंदू नेमकं हेच करतो. डोळ्याच्या नसेत साधारण दहा-बारा लाख तंतू असतात. काचबिंदूत ते हळूहळू मरतात, बहुतेक वेळा डोळ्यातला दाब जास्त असल्यामुळे. सुरुवातीला जाते ती बाजूची नजर. समोरचं पेपरातलं अक्षर स्वच्छ दिसत असतं, दुखत नाही, लाल होत नाही. आणि गेलेले तंतू परत येत नाहीत. आज जगात जे उपचार आहेत, म्हणजे ड्रॉप्स, लेसर, शस्त्रक्रिया, ते सगळे दाब कमी करून उरलेली नजर वाचवतात. गेलेली कोणी आणून देत नाही.

हे एवढं समजलं, की पुढची गोष्ट समजेल. आमच्यापैकी एकाचे काका कराडला असतात. निवृत्त शिक्षक, वय सत्तरीच्या आसपास, रोज दोन वर्तमानपत्रं वाचणारे. काचबिंदूचं निदान झालं आणि रोज रात्री ड्रॉप्स घालायला सांगितले. ड्रॉप्स झोंबायचे, डोळे लाल व्हायचे, दर महिन्याचा खर्च होताच. आणि घालून फरक काय पडला? काहीच नाही. आधी जेवढं दिसत होतं तेवढंच दिसतंय. मग कोणीतरी एक व्हिडिओ पाठवला. सकाळी एक रस प्यायचा, डोळ्यांचे व्यायाम करायचे, आणि 'केमिकलवाले ड्रॉप्स' बंद करायचे. काकांनी तसं केलं. आठवड्यात लाली गेली, झोंबणं गेलं, पैसे वाचले, आणि पेपर पूर्वीसारखाच वाचता येत होता. काका चारचौघांत सांगू लागले, "डॉक्टरांना जमलं नाही ते रसाने केलं."

दीड वर्षाने काकांना बाजूने येणारी स्कूटर दिसेना. दाराच्या चौकटीवर खांदा आपटू लागला. तपासणीत एका डोळ्याची बाजूची बरीचशी नजर गेल्याचं निघालं. ड्रॉप्स परत सुरू झाले. उरलं ते टिकलंय. गेलं ते गेलं.

मंडळी, काका मूर्ख नाहीत. त्यांनी हाती असलेल्या पुराव्यावरून अगदी तर्कशुद्ध निष्कर्ष काढला होता. अडचण अशी, की या आजारात औषध लागू पडलं तरी काही जाणवत नाही आणि व्हिडिओ फसला तरी काही जाणवत नाही. सतत दुखणाऱ्या आजारावरचा खोटा उपाय लवकर उघडा पडतो, कारण दुखणं थांबतच नाही. काचबिंदूवरचा खोटा उपाय वर्षानुवर्षं खरा वाटू शकतो. मधुमेहाने पडद्याला होणाऱ्या इजेचंही असंच आहे. सुरुवातीला दिसण्यात काही फरकच पडत नाही. म्हणून आमचं म्हणणं असं, की डोळ्यांच्या खोट्या व्हिडिओची किंमत रसाच्या बाटलीत मोजायची नसते. मधे गेलेल्या महिन्यांत मोजायची. सॉफ्टवेअर बिघडलं तर आम्ही कालची आवृत्ती परत चढवतो. डोळ्याच्या नसेचा बॅकअप नसतो.

बरं, 'पण खाली शेकडो लोकांनी लिहिलंय की फायदा झाला,' असं घरची मंडळी म्हणतात. ते सगळे खोटं बोलतात का? नाही. गंमत अशी आहे, की यातले बरेच जण खरं बोलत असतात.

काही उदाहरणं देतो. मोतीबिंदूचा एक प्रकार असतो, त्यात भिंगाचा मधला भाग घट्ट होत जातो आणि डोळ्याचा नंबर मायनसकडे सरकतो. त्यामुळे सत्तरीच्या आजींना अचानक चष्म्याशिवाय सुई ओवता येते! आजी आनंदात, घर आनंदात. त्याच महिन्यात आजींनी त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुतले असतील, तर श्रेय त्रिफळ्याला. प्रत्यक्षात ती मोतीबिंदू पुढे सरकल्याची खूण असते आणि काही काळाने ते सुख जातं. दुसरं, मधुमेहात रक्तातली साखर वरखाली झाली की चष्म्याचा नंबरही तात्पुरता बदलू शकतो. साखर आटोक्यात आली, नंबर जागेवर आला, श्रेय व्यायामाला. तिसरं, डोळे येणं. व्हायरसने आलेले डोळे बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. त्या काळात काहीही केलंत तरी 'गुण' येणारच. आणि ज्याची नजर गेली, तो खाली लिहायला परत येत नाही. त्यामुळे व्हिडिओखाली उरतात ते फक्त खूश झालेले लोक.

आता आमच्या धंद्यातला भाग. यूट्यूबवर पुढचा व्हिडिओ कुठला दाखवायचा हे प्रोग्रॅम ठरवतो. २०१२ मध्ये यूट्यूबने त्याचा हिशोब बदलला. नुसत्या क्लिकपेक्षा लोक किती वेळ बघतात याला महत्त्व दिलं. नंतर लाइक, सर्वेक्षणं वगैरे त्यात आली. पण एक गोष्ट या यंत्राला कधीच कळत नाही, ती म्हणजे बघणाऱ्याचे डोळे पुढे सुधारले की बिघडले. ती माहिती त्याच्याकडे येतच नाही. ज्या प्रोग्रॅमला स्वतःची चूक कधी कळतच नाही तो सुधारणार कसा? त्याला एवढंच कळतं, की 'डॉक्टर तुमच्यापासून हे लपवतात' असं म्हणणारा व्हिडिओ लोक शेवटपर्यंत बघतात आणि 'दर वर्षी तपासणी करा' असं म्हणणारा व्हिडिओ वीस सेकंदांत बंद करतात. म्हणजे लाखो व्ह्यूज हा करमणुकीचा दाखला झाला, औषधाचा नाही.

यूट्यूबने अलीकडे आरोग्याच्या व्हिडिओंखाली स्रोत सांगणारी पट्टी दाखवायला सुरुवात केली आहे. बोलणारी संस्था मान्यताप्राप्त आहे का, परवाना असलेला डॉक्टर आहे का, हे त्यात असतं. चांगली सोय आहे, जरूर बघा. पण आपल्या आईबाबांकडे व्हिडिओ येतो तो कापून, डाउनलोड करून, व्हॉट्सॲपवरून. त्या तुकड्यात ना पट्टी असते, ना तारीख, ना मूळ पत्ता. राहतो तो फक्त पाठवणाऱ्या माणसाचा चेहरा, आणि तो असतो आपल्याच मावशीचा! मावशीवर विश्वास असतो म्हणून व्हिडिओवर बसतो.

आता एक कबूल करायला हवं. हे व्हिडिओ शंभर टक्के खोटे असते तर काम सोपं होतं. बहुतेकांत खऱ्याचा एक दाणा असतो आणि त्याभोवती भरपूर पीठ.

चष्मा उतरवण्याचे व्यायाम घ्या. हा माल शंभर वर्षं जुना आहे. न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ विल्यम बेट्स यांनी १९२० मध्ये पुस्तक काढलं, की डोळ्यांवर तळवे ठेवणं, डोळे फिरवणं वगैरेंनी चष्मा सुटतो. त्यांचं म्हणणं होतं की डोळ्याबाहेरचे स्नायू डोळ्याचा आकार बदलून फोकस करतात. प्रत्यक्षात फोकस करतं ते आतलं भिंग. बुबुळाचा आकार किंवा डोळ्याची लांबी व्यायामाने बदलत नाही. खरा दाणा एवढाच, की जवळचं पाहताना ज्यांचे दोन्ही डोळे नीट एकत्र वळत नाहीत, त्यांना ठरावीक व्यायामाचा उपयोग होतो. आणि सूर्याकडे टक लावून पाहायला सांगणारा कोणी भेटला, तर तो व्हिडिओ तिथेच बंद करा. त्याने पडदा भाजतो.

गोळ्यांचं तसंच. 'डोळ्यांसाठी व्हिटॅमिन' याला आधार आहे. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत असं दिसलं, की वयामुळे पडद्याच्या मध्यभागाची झीज मध्यम टप्प्यावर असलेल्यांना जस्त आणि ठरावीक व्हिटॅमिनांच्या मोठ्या डोसने आजार गंभीर होण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. पण त्याच चाचणीत मोतीबिंदूवर काही परिणाम दिसला नाही. त्यातलं बीटा कॅरोटीन धूम्रपान करणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढवतं, म्हणून २०१३ च्या पुढच्या चाचणीनंतर त्याच्या जागी ल्युटिन आणि झियाझँथिन आलं. म्हणजे एका विशिष्ट आजाराच्या विशिष्ट टप्प्यावरच्या माणसाला, विशिष्ट मिश्रणाचा फायदा. व्हिडिओत याचं काय होतं? 'गाजर खा, चष्मा घालवा.'

२०२४ मधलं उदाहरण तर अनेकांना आठवत असेल. मुंबईतल्या एका औषध कंपनीच्या ड्रॉप्सना भारतात परवानगी मिळाली आणि लगेच 'पंधरा मिनिटांत वाचायचा चष्मा सुटणार' अशा बातम्या आणि व्हिडिओ फिरले. औषध होतं पायलोकार्पिन, जे काचबिंदूवर एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे. अमेरिकेतही २०२१ मध्ये चाळिशीच्या चष्म्यासाठी तसे ड्रॉप्स मंजूर झाले होते. त्याने बाहुली लहान होते आणि काही तास जवळचं बरं दिसतं. परिणाम उतरला की चष्मा आहेच. डोकेदुखी, अंधारात कमी दिसणं हे त्रासही आहेत. मंजुरीत नसलेले दावे प्रसिद्धीत केल्याबद्दल भारताच्या औषध नियंत्रकांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती परवानगी स्थगित केली. म्हणजे औषध खरं होतं, तास खरे होते. 'सुटणार' हा शब्द तेवढा जास्तीचा होता.

मोतीबिंदू विरघळवणाऱ्या ड्रॉप्सबद्दल मात्र सरळ सांगता येतं. त्यातले जे सर्वात गाजले, त्यांच्यावरच्या उपलब्ध अभ्यासांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये घेतला, आणि उपयोग होतो असं म्हणण्याजोगा पुरावा मिळाला नाही. आणि 'आयुर्वेदात आहे' असं कोणी म्हटलं तर त्यांना आदराने आठवण करून द्या, की खुद्द सुश्रुतसंहितेत लिंगनाशावर शस्त्रकर्म सांगितलं आहे. हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडच्या वैद्याने हातात शस्त्र घेतलं होतं, मग आपणच थेंबांवर का थांबावं?

योगासनांचंही असंच जपून घ्यायला हवं. शीर्षासनाने दृष्टी सुधारते असे व्हिडिओ भरपूर आहेत. भारतातच नियमित योग करणाऱ्यांवर झालेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शीर्षासनाच्या वेळी डोळ्यातला दाब सुमारे दुप्पट झाल्याचं दिसलं. निरोगी माणसाने त्यासाठी योग सोडायची गरज नाही. पण काचबिंदू असलेल्याने डोकं खाली, पाय वर करण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. व्हिडिओला समोर कोण बसलंय हे दिसत नाही. तो सगळ्यांना एकच आसन सांगतो.

आणि डोळ्यांत काही घालण्याबद्दल. मध, एरंडेल, गुलाबपाणी, कांद्याचा रस, काय काय घालतात लोक! डोळ्यांत जाणारी वस्तू निर्जंतुक असावी लागते. २०२३ मध्ये अमेरिकेत कृत्रिम अश्रूंच्या ड्रॉप्समधून एका चिवट जंतूचा संसर्ग पसरला. ८१ रुग्ण, त्यांतल्या १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला आणि चौघांचा मृत्यू झाला. कारखान्यात, बाटलीत बंद होऊन आलेल्या ड्रॉप्सची ही कथा, तर स्वयंपाकघरातल्या वाटीचं काय सांगावं?

'पण व्हिडिओत स्वतः डॉक्टर बोलत होते!' हा पुढचा मुद्दा. २०२४ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकाने दाखवून दिलं, की आपल्या इथले टीव्हीवरचे डॉ. हिलरी जोन्स, डॉ. रंगन चॅटर्जी अशांचे चेहरे आणि आवाज कॉम्प्युटरने बनवून मधुमेह, रक्तदाबाची बोगस औषधं खपवली जात होती. ओठ जुळतात, आवाज जुळतो. आम्ही याच क्षेत्रात काम करतो, आणि आम्हालाही नुसतं पाहून दर वेळी ओळखता येईल असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. म्हणून चेहऱ्यावरून पारख करू नका. मजकुरावरून करा.

ती कशी करायची? सुदैवाने हे काम आधीच कोणीतरी करून ठेवलंय. १९९७ मध्ये 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकाने इंटरनेटवरच्या आरोग्य माहितीसाठी चार कसोट्या सांगितल्या : लिहिणारा कोण, आधार काय, हितसंबंध काय, तारीख काय. १९९९ मध्ये इथे ऑक्सफर्डला 'डिसर्न' नावाची १६ प्रश्नांची यादी तयार झाली. सोळा प्रश्न पाठ करायला सांगितले तर तुम्ही आम्हाला पुढच्या वर्षी बोलावणार नाही. म्हणून आम्ही दोन्हींचा मिळून पाच प्रश्नांचा घरगुती संच केलाय.

एक, बोलणारा कोण? नाव सांगतो का? डोळ्यांचा डॉक्टर आहे का? या देशातल्या डॉक्टरांची नोंदवही जनरल मेडिकल कौन्सिलच्या साइटवर कोणालाही पाहता येते. दोन मिनिटांचं काम.

दोन, कशाच्या आधारावर आणि कधी? 'संशोधनात सिद्ध झालंय' एवढं पुरेसं नाही. कुठल्या, कधीच्या, किती माणसांवरच्या?

तीन, शेवटी काय विकतोय? खाली बाटलीची लिंक असेल तर ती जाहिरात समजा.

चार, कोणाला उपयोग होणार नाही आणि धोका काय, हे सांगतो का? खरं औषध सांगणारा माणूस मर्यादा सांगतोच. ज्याला एकही दुष्परिणाम नाही आणि जे मोतीबिंदू, काचबिंदू, चष्मा सगळ्यांवर चालतं, ते बहुधा कशावरच चालत नाही.

पाच, उपचार केला नाही तर काय होईल, आणि दुसरे पर्याय कोणते, हे सांगतो का? हा प्रश्न काकांच्या बाबतीत फार महत्त्वाचा होता. ड्रॉप्स झोंबतात ही त्यांची तक्रार खरी होती आणि तिला खरं उत्तरही आहे. ड्रॉप्स बदलता येतात. लेसर करता येतं. लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांना आधी लेसर दिलं त्यांतल्या सुमारे ७४ टक्के रुग्णांचा दाब तीन वर्षांनंतरही ड्रॉप्सशिवाय आटोक्यात होता. चांगला व्हिडिओ असं काहीतरी सांगून तुम्हाला परत डॉक्टरकडे पाठवतो. वाईट व्हिडिओ तुम्हाला डॉक्टरपासून तोडतो.

म्हणजे चांगले व्हिडिओ असतात का? असतात की! ड्रॉप्स नेमके कसे घालायचे, मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी काय होतं, हे मोठ्या नेत्र रुग्णालयांचे व्हिडिओ कागदी पत्रकापेक्षा छान समजावतात. 'कसं करायचं' याला व्हिडिओ उत्तम. 'मला काय झालंय' हे मात्र तो सांगू शकत नाही, कारण त्याने तुमचा डोळा पाहिलेलाच नाही.

आणि यंत्राने डोळा पाहायचाच असेल, तर त्याची परीक्षा किती कडक असते हेही सांगतो. मधुमेहाने पडद्याला झालेली इजा फोटोवरून ओळखणारा प्रोग्रॅम गूगलच्या संशोधकांनी बनवला. त्याची माहिती २०१६ मध्ये 'जामा'त आली. भारतातल्या नेत्र रुग्णालयांचाही त्यात सहभाग होता. त्यासाठी १,२८,१७५ फोटो वापरले, ५४ डॉक्टरांनी प्रत्येक फोटो तीन ते सात वेळा तपासला, आणि मग वेगळ्याच फोटोंवर परीक्षा घेतली. एवढं सगळं फक्त 'पुढे डॉक्टरांना दाखवा की नको' हे सांगण्यासाठी. याउलट 'सात दिवसांत नंबर गायब' म्हणणाऱ्याने काय तपासलं? मोबाइलचा कॅमेरा चालू आहे की नाही, एवढंच.

शेवटचा मुद्दा, घरच्यांशी बोलायचा. फोनवर "बाबा, हे सगळं बोगस आहे" असं म्हटलं की संवाद संपतो. वडील दुखावतात आणि पुढचा व्हिडिओ आपल्याला न सांगता बघतात. त्यापेक्षा विचारा, "बाबा, मागच्या वेळी डोळ्यांचं प्रेशर किती आलं होतं? फील्ड टेस्ट कधी झाली?" आईला विचार, "तुझ्या शुगरवाल्या डॉक्टरांनी पडदा तपासायला सांगितलाय का?" आणि एक विनंती त्यांना कराच, की रस प्या, व्यायाम करा, पण ड्रॉप्स बंद करण्याआधी फोन करा. अचानक चमक दिसणं, काळे ठिपके वाढणं, पडदा ओढल्यासारखं वाटणं, एकाएकी कमी दिसणं, किंवा डोळा लाल होऊन खूप दुखणं आणि उलटी होणं, यांतलं काही झालं तर व्हिडिओ शोधत बसायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर.

आणि आपलं इथलं काय? इंग्लंडमध्ये साठीपुढे डोळ्यांची तपासणी एनएचएसतर्फे मोफत आहे. आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मूल यांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर चाळिशीपासूनच मोफत आहे. मधुमेह असलेल्या बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला पडद्याच्या तपासणीचं पत्र येतं. ते पत्र पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर फेकू नका. ही तपासणी २००३ पासून सुरू झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, इंग्लंड आणि वेल्समध्ये कामकरी वयातल्या अंधत्वाचं पहिल्या क्रमांकाचं कारण म्हणून मधुमेहाचं जे स्थान होतं, ते किमान पाच दशकांत प्रथमच गेलं. साखरेवरचं चांगलं नियंत्रण आणि ही तपासणी, यांचा त्यात वाटा असावा असं संशोधकांनी म्हटलं आहे. एक कंटाळवाणं पत्र, दोन झोंबणारे थेंब, एक फोटो. याचा व्हिडिओ केला तर शंभर व्ह्यूजसुद्धा मिळणार नाहीत, पण नजरा यानेच वाचल्या.

तर मंडळी, बाहेरच्या टेबलावर निधीची पेटी आहे. शेजारी आम्ही वरचे पाच प्रश्न मराठीत छापून ठेवलेत, पाकिटात मावतील एवढ्या कार्डावर. पेटीत यथाशक्ती टाका आणि एक कार्ड उचला. पुढचा व्हिडिओ आला की आधी कार्ड, मग फॉरवर्ड. आणि वर्ष उलटून गेलं असेल तर सोमवारी गावातल्या ऑप्टिशियनला फोन करून आपली स्वतःची वेळ घ्या.

 पुरणपोळीचा वास कधीचा येतोय, चला!